चिमणीएवढा, बुलबुलाएवढा, घारीएवढा

पक्षी ओळखू इच्छिणाऱ्या सामान्य मनुष्यापाशी शास्त्राने आरंभी कोणती सामग्री गृहीत धरावी, ह्या प्रश्नाचे उत्तर १९४१ साली मुंबईत प्रसिद्ध झालेल्या एका पुस्तकाने इतक्या साधेपणाने दिले आहे की, त्यामागे केवढा विचार आहे हे त्याच्या नित्य वाचकांच्याही सहसा ध्यानात येत नाही. सालिम अली यांचे ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ हे ते पुस्तक. त्यात प्रत्येक पक्ष्याच्या वर्णनाचा प्रारंभ त्याच्या आकारमानाने होतो; मात्र ते सांगताना ग्रंथकाराचा भार इंचांच्या पट्टीवर नाही. तो चिमणीवर आहे, बुलबुलावर आहे, साळुंकीवर, कबुतरावर, कावळ्यावर, घारीवर आणि सरतेशेवटी गिधाडावर आहे. पाणथळीतल्या आणि जमिनीवर वावरणाऱ्या पक्ष्यांसाठी बदक, तित्तिर आणि गावठी कोंबडी ही मापे आहेत. अमुक पक्षी चिमणीहून किंचित लहान, तमुक साळुंकीहून थोडा मोठा, एवढे सांगून झाले की मग रंग, मग खुणा, मग सवयी.

उंच उंबराच्या शेंड्यावर बसलेला पक्षी पाच इंचांचा आहे की सात इंचांचा, हे भल्याभल्या जाणत्यासही खालून सांगता येणार नाही. परंतु तो चिमणीहून लहान आहे की साळुंकीएवढा भरतो, हे जोंधळ्याच्या राखणीला माळ्यावर बसलेले पोरही तत्काळ सांगेल. म्हणजे ज्या ज्ञानाच्या आधारावर पुढची सर्व इमारत उभारायची ते ज्ञान वाचकाने पुस्तक उघडण्यापूर्वीच, अंगणात, परसात आणि गावाच्या वेशीवर संपादन केलेले आहे, अशा विश्वासाने हा ग्रंथ लिहिला गेला. वर्गीकरणशास्त्राची मांडणी प्राण्यांच्या परस्परांतील नात्यांवरून होते, आणि ती तशीच व्हावयास हवी. पण वाटसरूच्या हाती द्यावयाच्या पुस्तकाची मांडणी वाटसरूच्या डोळ्यांवरून व्हावी लागते, आणि ही दुसरी मांडणी पहिलीपेक्षा सोपी असते असा जो समज विद्वानांत रूढ आहे तो मला सर्वस्वी चुकीचा वाटतो. काय सांगावे ह्यापेक्षा काय गाळावे ह्याचा निर्णय तेथे घ्यावा लागतो, आणि तो निर्णय विषयावर संपूर्ण प्रभुत्व असल्यावाचून घेता येत नाही.

त्यापूर्वीची स्थिती काय होती, हे पाहिले म्हणजे ह्या निर्णयाचे मोल कळते. स्टुअर्ट बेकर यांचे भारतीय पक्ष्यांवरील आठ खंड १९२२ ते १९३० ह्या काळात प्रसिद्ध झाले. ते विद्वत्तेचे भांडार आहे, परंतु त्यातील ओळखीच्या किल्ल्या पंखाची लांबी, चोचीचे माप, पिसांची संख्या असल्या गोष्टींवर रचलेल्या असल्याने पक्षी हाती असल्याखेरीज, म्हणजे बहुधा तो बंदुकीने पाडल्याखेरीज, त्यांचा उपयोग होत नसे. पंजाबात पोलीस खात्यात अधिकारी असलेले ह्यू व्हिसलर यांनी १९२८ साली एकाच खंडात लोकोपयोगी पुस्तक लिहून ही वाट पुष्कळ सुगम केली, आणि सालिम अलींनी त्यांचे ऋण मानलेही आहे. तरीसुद्धा ज्याच्यापाशी बंदूक नाही, संग्रहालयाचा परवाना नाही आणि इंग्रजी अंमलदाराचा तंबू नाही, अशा माणसाने सकाळी घराबाहेर पडून कशाकडे पाहावे, हे सांगणारे पुस्तक व्हायचेच होते.

आपल्या प्रांतात पक्षी आणि वनस्पती ओळखण्याच्या विद्येचा पाया घालणाऱ्यांत जकात आणि मीठ खात्यातल्या माणसांचा भरणा दिसतो, आणि त्यात नवल करण्यासारखे काही नाही. कारण नाकी आणि मिठागरे जेथे असत तेथे मनुष्यवस्ती विरळ, खाडी, कांदळवन आणि माळ मात्र विपुल, आणि दोन गलबतांच्या मधला वेळ मोकळा. निकोल डाल्झेल हा मुंबई इलाख्याच्या जकात खात्यात साहाय्यक कमिशनर म्हणून आला आणि पुढे वनखात्याचा प्रमुख झाला. अलेक्झांडर गिब्सन यांच्यासह त्याने लिहिलेला ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ सालचा आहे. शिवनेरीच्या कड्यावर उगवणाऱ्या, काळपट तांबड्या चांदणीसारखे फूल धरणाऱ्या शिंदळ माकुडीस त्याने १८६५ साली शास्त्रीय नाव दिले, आणि तत्कालीन गव्हर्नर बार्टल फ्रीयर यांचे नाव त्यात गोवले. दुसरा एडवर्ड हॅमिल्टन एटकेन. ह्याचा जन्म १८५१ साली साताऱ्यास एका मिशनऱ्याच्या घरी झाला. काही वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकवून तो मीठ आणि जकात खात्यात शिरला, आणि खाराघोड्यापासून उत्तर कानड्यापर्यंत बदल्यांवर फिरत राहिला. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत ज्या आठ जणांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली त्यांत तो होता. त्याच आठांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे आपले दोन गृहस्थही होते, ही गोष्ट आपल्याकडील शाळांतून सांगितली जावी अशी माझी फार इच्छा आहे. मुंबईच्या साध्या, रोज दिसणाऱ्या पक्ष्यांवर एटकेनने लिहिलेले छोटेखानी पुस्तक १९०० साली निघाले. त्यात कावळा आणि घार ह्यांना जे स्थान आहे ते दुर्मिळ पक्ष्यांना नाही, आणि हा क्रम त्याने समजून उमजून लावलेला आहे.

हे पुस्तक ज्या मुलाच्या हाती पडले त्याची, म्हणजे सालिम अलींची, कथा सुपरिचित आहे, म्हणून ती थोडक्यात सांगतो. छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, मामांनी ती घेऊन मुलाला सोसायटीकडे धाडले, आणि तिथल्या मानद चिटणिसांनी, डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी, त्याला कपाटांतले भरलेले पक्षी दाखवून वाचावयास पुस्तके दिली. मिलार्ड हे पेशाने मद्याच्या व्यापारी पेढीतले. पण झाडांवर त्यांचे निरतिशय प्रेम होते, आणि सेंट झेवियर कॉलेजातील जेझुइट वनस्पतिशास्त्रज्ञ फादर ब्लॅटर यांच्या जोडीने त्यांनी लिहिलेले ‘सम ब्यूटिफुल इंडियन ट्रीज’ हे १९३७ सालचे पुस्तक वृक्षांच्या बाबतीत तेच कार्य करते, जे पुढे चार वर्षांनी त्या मुलाच्या पुस्तकाने पक्ष्यांच्या बाबतीत केले.

मुलगा मोठा झाला, मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात लोकांना वस्तू समजावून सांगणारा व्याख्याता झाला, रजा घेऊन बर्लिनला पक्षिशास्त्रज्ञ श्ट्रेझेमान यांच्यापाशी शिकून आला, आणि परत येतो तो खर्चकपातीच्या हुकुमाने जागाच रद्द झालेली. तेव्हा अलिबागजवळच्या किहीम गावी, घरालगतच्या एका झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती, तिच्यासमोर शिडीच्या आधाराने आडोसा करून तो बसला. नर अर्धे घरटे विणतो, शिरस्त्राणाच्या आकारापर्यंत आणून थांबतो. मग माद्या येतात, प्रत्येक घरटे आत शिरून, ओढून, ताणून तपासतात. पसंतीस उतरले तर नर ते पूर्ण करतो, अंड्यांची खोली आणि खाली उतरणारी नळी विणतो, आणि ती मादी अंड्यांवर बसली की शेजारी दुसरे घरटे सुरू करून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या ह्या निरीक्षणाने जगभरच्या पक्षिशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले. बेकारीच्या त्या पावसाळ्यात किहीमला जी नजर घडली, तीच मला पुढच्या पुस्तकाच्या पानापानांत दिसते.

उदाहरणादाखल दयाळाचे पान घ्यावे. आकार बुलबुलाएवढा, नर काळाभोर आणि पांढरा, मादीच्या अंगावर काळ्याच्या जागी राखी-तपकिरी छटा, शेपटी पाठीवर उभारलेली. येथवर चित्रानेही भागले असते. पण पुढे तो कोठे राहतो, जमिनीवर उतरून किडे कसा टिपतो, एरवी मुका असल्यासारखा वावरणारा नर विणीच्या हंगामात झाडाच्या वा छपराच्या टोकावर बसून कसा गातो, इतर पक्ष्यांच्या स्वरांची नक्कल कशी करतो, आणि झाडाच्या ढोलीत वा भिंतीच्या भोकात घरटे कसे करतो, एवढी हकिकत थोड्या ओळींत येते. आकार, खुणा, आढळ, सवयी, घरटे ह्या पाच रकान्यांचा तो तपशील एखाद्या जमाबंदीच्या दप्तरासारखा ठाकठीक आहे, आणि तरी त्यात त्या पक्ष्याविषयीचे ममत्व शब्दाशब्दांतून जाणवते. देहरादूनच्या तुरुंगातून पंडित नेहरूंनी आपल्या कन्येस हे पुस्तक पाठविले, आणि पक्ष्यांकडे आपले लक्ष प्रथम गेले ते त्यामुळेच, असे इंदिरा गांधींनी पुढे नमूद केले आहे.

परदेशांत ही परंपरा थोडी आधीची आहे. अमेरिकेत फ्लॉरेन्स मेरियम ह्या विदुषीने नाटकगृहात नेण्याच्या लहान दुर्बिणीतून पक्षी पाहावे, मारू नयेत, असे सांगणारे पुस्तक १८८९ साली लिहिले. १८९३ साली फ्रान्सेस डेना यांचे रानफुलांचे पुस्तक निघाले आणि पाहता पाहता त्याची आवृत्ती संपली. आणि १९३४ साली रॉजर टोरी पीटरसन यांनी पक्ष्याच्या चित्रात जी खूण निर्णायक, तिच्याकडे नुसता एक बाण दाखवून मोठा पल्ला गाठला. ह्यांपैकी डेनाबाईंच्या पुस्तकाची एक क्लृप्ती आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे: त्यांनी फुले कुलांनुसार लावली नाहीत, तर रंगांनुसार लावली. पांढरी एकीकडे, पिवळी दुसरीकडे, मग गुलाबी, तांबडी, निळी-जांभळी.

आपल्याकडे रानफुलांची स्थिती पक्ष्यांहून बिकट होती. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ ह्या काळात सिद्ध केलेला मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा ग्रंथ हा आजही आधारग्रंथ आहे, १९५८ साली त्याचे पुनर्मुद्रण करावे लागले ह्यावरून त्याची थोरवी कळेल. पण त्यात चित्र नाही, आणि पुंकेसर किती, अंडाशयात कप्पे किती, पाने समोरासमोर की एकाआड एक, अशा प्रश्नांची उत्तरे देत देत, भिंगाखाली फूल उकलीत, पायरीपायरीने नावापर्यंत पोहोचावे लागते. फादर सांतापाव यांनी १९५३ साली खंडाळ्याच्या वनस्पतींवर लिहिलेला ग्रंथही विद्यार्थ्यांसाठीच होता. पावसाळ्यात राजमाची वा हरिश्चंद्रगड चढणाऱ्या तरुणाला पायाशी उमललेल्या फुलाचे नाव सांगणारा कोणी नव्हता. पुण्याचे श्रीकांत इंगळहळीकर हे अभियंता, डोंगर चढण्याचा छंद असलेले. त्यांनी स्वतः छायाचित्रे घेऊन २००१ साली ‘फ्लॉवर्स ऑफ सह्याद्री’ हे पुस्तक काढले, आणि सुमारे ५०० रानफुले गिर्यारोहकाच्या पाठपिशवीत मावू लागली. त्या एका पुस्तकानंतर सह्याद्रीतल्या वाटांवर वाकून जमिनीकडे पाहणाऱ्या माणसांची संख्या किती वाढली, हे ज्यांनी त्याआधीचे आणि त्यानंतरचे गड पाहिले आहेत त्यांना सांगावयास नको.

रंगावरून फूल शोधणे ही गोष्ट वाटते तितकी सरळ नाही, हे पाहावयाचे असेल तर भाद्रपदात कासच्या पठारावर जावे. साताऱ्यापासून जवळच, समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर असलेल्या ह्या जांभ्या दगडाच्या सड्यावर मातीचा थर इतका पातळ आहे की वृक्ष धरतच नाहीत, आणि म्हणूनच पावसाचे पाणी साचून राहिलेल्या उथळ तबकांत वितीएवढ्या वनस्पतींना राज्य मिळते. गेंदाची पांढरी बोंडे, सोनकीचा पिवळा गालिचा, आणि सीतेची आसवे ही जांभळी-निळी, जिच्या मुळांसारख्या भागांवर असलेल्या सूक्ष्म पिशव्यांत पाण्यातले जीव शोषले जातात. पश्चिम घाटातील ज्या स्थळांस २०१२ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली त्यांत कास आहे. येणाऱ्यांच्या संख्येवर मर्यादा घातलेली आहे, आणि व्यवस्था कास, एकीव, आटाळी, कासाणी ह्या गावांतली माणसे पाहतात. तिथे एका कुटुंबाला मी पुस्तक उघडून उभे असलेले पाहिले. फूल तेरड्याचे होते. आई ते गुलाबी रंगाच्या पानांत शोधीत होती आणि मुलगी ते जांभळे आहे असे आग्रहाने सांगत होती. शेवटी वाटेवर देखरेखीस उभ्या असलेल्या बाईंनाच त्यांनी विचारले, “मावशी, हे कोणतं हो?” त्या म्हणाल्या, “तेरडा नव्हं का, ताई! आमच्याकडं गौर ह्याचीच असती. पुस्तकात न्हाई व्हय?”

पुस्तकात तो होता, चार पाने पुढे. गुलाबी कोठे संपतो आणि जांभळा कोठे सुरू होतो ह्याचा निवाडा प्रत्येकाचा डोळा निराळा देतो, शिवाय तेरड्याचा रंग तीन दिवस हे आपण म्हणतोच. घाणेरीच्या एकाच गुच्छात काल उमललेली फुले गुलाबी आणि आज उमललेली पिवळी असतात. तथापि रंगाची ही वाट सदोष आहे म्हणून ती सोडावी असे माझे मुळीच मत नाही. कारण ज्या दारातून लहान मूल आत येऊ शकते असे दार तेच आहे. दोषाचे निवारण एवढ्यानेच होते की, शंकास्पद फूल दोन्ही विभागांत लावावे, आणि जागा अडते म्हणून ते टाळू नये.

ह्याहून गंभीर उणीव छायाचित्रांची आहे. छायाचित्र एका रोपाचे, एका दिवसाचे, एका उन्हातले असते. चित्रकाराने काढलेल्या चित्रात मात्र अनेक रोपे पाहून निवडलेली लक्षणे एकत्र येतात, आणि म्हणून ओळखीसाठी चांगले चित्र चांगल्या छायाचित्राहून सरस ठरते. शिवाय फुलांच्या पुस्तकात केवळ फूल दिसते. कारवीचे उदाहरण घ्या. सह्याद्रीचे उतारच्या उतार जिने व्यापले आहेत, जिच्या काठ्यांनी कोकणातल्या आणि मावळातल्या कुडाच्या भिंती पिढ्यान्‌पिढ्या उभ्या राहिल्या, ती कारवी सात-आठ वर्षांतून एकदा, सबंध डोंगर एकाच हंगामात, फुलते आणि बी धरून मरून जाते. फुलाच्या छायाचित्रावर विसंबणारा वाचक मधली सारी वर्षे तिच्या रानातून चालत असतो आणि तिला ओळखीत नाही. खरखरीत मोठे पान, पेराशी फुगीर खोड, दाट वाढलेली उंच झुडपे, एवढे एक चित्र पानाच्या कोपऱ्यात दिले असते तर काम झाले असते.

पुस्तकाने काय सांगू नये, ह्याचाही विचार केला पाहिजे. कंदीलपुष्पाच्या कित्येक जाती केवळ आपल्या सह्याद्रीत आहेत. त्या फुलाची रचना विलक्षण आहे: तळाशी फुगीर नळी, वर पाकळ्यांची टोके जुळून झालेला कंदील, गंधाने ओढली गेलेली बारीक माशी आत उतरते, नळीतले खाली वळलेले केस तिला परत फिरू देत नाहीत, आणि काही काळाने केस कोमेजले म्हणजे परागांचे पुंजके अंगावर घेऊन ती सुटते व दुसऱ्या फुलात जाऊन पडते. ह्या वेलींचे कंद खाण्याजोगे आहेत, रानडुकरे ते उकरतात, आणि हौशी संग्राहकही मागे राहत नाहीत. अशा वनस्पतीचा नेमका कडा आणि नेमकी घळ छापणे म्हणजे तिच्या नाशाचा पत्ता देणे होय. हाच न्याय पक्ष्यांच्या घरट्यांस लागू आहे; छायाचित्रासाठी आडोशाच्या फांद्या दूर केल्या की उन्हाने आणि कावळ्यांनी पिल्ले जातात. वाचकाला जवळ नेणारे पुस्तक त्याला कोठे थांबावे हेही सांगते, आणि जे सांगत नाही ते मी अपुरे मानतो.

पुण्याच्या पूर्वेस, लोणी काळभोरच्या अलीकडे, मुळा-मुठेच्या पात्रात कवडीचा बंधारा आहे. शहराचे सारे मैलापाणी तेथून वाहते, दुर्गंधी सुटलेली असते, आणि तरी थंडीत चक्रवाकांच्या जोड्या, शेकाट्या, तुतवार आणि धोबी तेथे जमतात. रविवारी सकाळी काठावर तरुणांचे घोळके असतात. पुष्कळांच्या हाती आता पुस्तकाच्या जागी फोन दिसतो, आणि छायाचित्र वा आवाज दिला की तो नावही सांगतो. ह्या साधनाचे मी स्वागत करतो, कारण त्याने कित्येकांचा संकोच गेला. मात्र त्या काठावर दोन धोबी एकाच दगडावर आळीपाळीने येतात. एक बुलबुलाएवढा, काळ्या डोक्यावर डोळ्याच्या वर पांढरी भुवई रेखलेली. तो येथलाच, बारमाही. दुसरा त्याहून सडपातळ, कपाळ आणि चेहरा पांढरा. तो हिवाळ्यापुरता हिमालयापलीकडून आलेला पाहुणा. फोन ज्याच्या त्याच्या छायाचित्राला ज्याचे त्याचे नाव देतो. पुस्तकाच्या पानावर मात्र ते दोघे शेजारी शेजारी उभे असतात, आणि त्यांतील भेद, भेदाचे कारण, आणि आपल्या नदीशी दोघांचे निरनिराळे नाते, हे एका दृष्टिक्षेपात वाचकाच्या मनात उतरते. ज्याने एकदा हे पान पाहिले त्याला तिसऱ्यांदा विचारावे लागत नाही.

आता ज्या मापांवर सालिम अलींनी आपला ग्रंथ उभारला त्या मापांकडे वळतो, कारण त्यांच्याबाबतीत जे घडले त्याची खंत मला फार आहे. गिधाड हे त्यातले सर्वांत मोठे माप. १९४१ साली ते सांगताना ग्रंथकारास संशयाचे कारण नव्हते, कारण मेलेले जनावर गावाबाहेर टाकले की घटकाभरात आकाशातून गिधाडे उतरत, आणि ते दृश्य न पाहिलेला मनुष्य खेड्यात नव्हता. पुढे गुरांना डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक देऊ लागले. ते अंगात असलेले जनावर मेले आणि गिधाडांनी खाल्ले की त्यांची मूत्रपिंडे निकामी होत. ही कारणमीमांसा २००४ साली प्रसिद्ध झाली आणि २००६ साली जनावरांसाठी त्या औषधावर भारतात बंदी आली. पण तोवर पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शेकडा ९९ हून अधिक नाहीशी झाली होती. आज नाशिकजवळच्या अंजनेरीसारख्या थोड्या कड्यांवर लांब चोचीच्या गिधाडांची वस्ती टिकून आहे, आणि महाराष्ट्रातल्या बहुसंख्य मुलांनी गिधाड पाहिलेले नाही. सर्वांत लहान माप चिमणीचे. देशभराचा विचार केला तर चिमणीची संख्या मोठ्या प्रमाणावर घटलेली नाही, असे भारतातील पक्ष्यांच्या स्थितीवरील २०२० सालच्या अहवालाने दाखविले. मात्र मुंबईसह मोठ्या शहरांतून ती कमी होत चालली आहे, असेही त्यात नोंदले आहे. म्हणजे दादरच्या चाळीतल्या मुलास चिमणीएवढा म्हणून सांगावे तर त्याने आधी चिमणी कोठे पाहावी, हा प्रश्न आता खराखुरा प्रश्न झाला आहे.

हे आपल्याला इतक्या खात्रीने सांगता येते, तेही ह्या पुस्तकांच्याच वाचकांमुळे. त्याच अहवालाची २०२३ सालची आवृत्ती ९४२ जातींचा विचार करते, आणि त्यासाठी ज्या ३ कोटींहून अधिक नोंदी वापरल्या त्या ३०,००० च्या वर पक्षिनिरीक्षकांनी रुजू केल्या आहेत. त्यांत प्राध्यापक आहेत तसे बँकेतले कारकून आहेत, गृहिणी आहेत, शाळामास्तर आहेत. त्यांतील कित्येकांचा आरंभ खिशातल्या एखाद्या पुस्तकापासून, एखाद्या दयाळाच्या वा खंड्याच्या पानापासून झाला असणार. कोणत्याही सरकारी खात्यास एवढे नोकर नेमून हे काम करविता आले नसते.

मराठीत ह्या विषयावर लेखन झाले नाही असे कोणी म्हणू नये. दुर्गाबाई भागवतांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ सालचे, डॉ. शरदिनी डहाणूकरांनी ‘फुलवा’मध्ये शहरातल्या वृक्षांना घरच्या माणसांसारखे वागविले, आणि वनाधिकारी म्हणून रानात हयात घालविलेल्या मारुती चितमपल्लींनी ‘पक्षिकोश’ सिद्ध करून फासेपारध्यांच्या आणि गोंडांच्या मुखी असलेले ज्ञान मराठीच्या पदरी घातले. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले तेव्हा तो सन्मान रानाचा होता असे मला वाटले. नॅशनल बुक ट्रस्टने सालिम अली आणि लईक फतेहअली यांचे पक्ष्यांचे पुस्तक अल्प किमतीत देशी भाषांतून उपलब्ध केले. परंतु हातात धरून चालता चालता पाहावे असे चित्रमय मार्गदर्शक पुस्तक मिळवायचे, तर आजही बव्हंशी इंग्रजीकडे जावे लागते, आणि जे मिळते ते सबंध देशाचे, किंवा सबंध उपखंडाचे. तेराशेहून अधिक जातींतून जुन्नरच्या मुलाने आपल्या बांधावरचे साठ-सत्तर पक्षी निवडायचे, हा भार त्याच्यावर का टाकावा?

माझे मागणे तालुक्याच्या पुस्तकाचे आहे. शंभर-सव्वाशे पानांचे, पावसात भिजले तरी टिकेल अशा कागदाचे, शाळेच्या खर्चात बसेल अशा किमतीचे. त्यात त्या तालुक्यातले नित्याचे पक्षी, झाडे आणि फुले, आणि मोहराचे, विणीचे, स्थलांतराचे महिने इंग्रजी तारखांबरोबर श्रावण-भाद्रपदाच्या आणि मृग-हस्ताच्या हिशेबानेही दिलेले, कारण शेतकऱ्याची नोंद अजून त्या हिशेबाने असते. नवरंग कोकणात वळवाच्या सुमारास येतो हे ज्याला मृगाच्या भाषेत सांगितले त्याला निराळे पाठ करावे लागत नाही. सामग्रीची वाण नाही: पक्षिमित्रांच्या संमेलनांतून भेटणाऱ्या माणसांपाशी वर्षानुवर्षांच्या वह्या भरून पडल्या आहेत, महाविद्यालयांतून वनस्पतींचे संग्रह आहेत, आणि कासच्या त्या मावशींसारखी माणसे गावोगाव आहेत, ज्यांना विचारावयास मात्र कोणी गेले पाहिजे. पहिली आवृत्ती निर्दोष होण्याची वाट पाहू नये. सालिम अलींनी आपले पुस्तक हयातभर आवृत्तीमागून आवृत्ती सुधारले, आणि त्यांच्या जन्मशताब्दीस, १९९६ साली, त्याची बारावी आवृत्ती निघाली. जुन्नर, वेल्हे, आजरा, सावंतवाडी, मेळघाटातले धारणी, जेथे कोठे हे काम हाती घेतले जाईल तेथे मसुदा करणाऱ्यांनी प्रत्येक पक्ष्याच्या आणि फुलाच्या वर्णनाखाली चार ओळी कोऱ्या सोडाव्यात, वाचकाने कोठे, केव्हा, काय पाहिले ते तेथे लिहावे, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी त्या प्रती शाळाशाळांतून परत मागवून घ्याव्यात.